मान, कारभार आणि वास

राजधानीच्या तुलनेत दुसऱ्या नगराचे जगणे उणे असते का, हा प्रश्न साधारणपणे नगररचनेच्या किंवा अर्थशास्त्राच्या पुस्तकात येतो. तिथे त्याचे उत्तर भाडे, पगार, प्रवासाचा वेळ आणि दवाखान्यातल्या खाटा मोजून दिले जाते. पण 'उणे' हा शब्द आला की मोजमाप संपते आणि तत्त्वविचार सुरू होतो. पहिलेपण आणि दुसरेपण हे नगराचे अंगभूत गुण आहेत, की दोन नगरांमधले नुसते नाते? आणि माणसाच्या जगण्याला एकच केंद्र असावे लागते, की अनेक असू शकतात? महाराष्ट्रात या प्रश्नांचा विचार राज्यशास्त्राने केला त्याच्या कितीतरी आधी धर्मजीवनाने केला. त्याच्या खुणा पवनेच्या काठी, थेरगावच्या आसपास, आजही दिसतात.

थेरगाव हे पिंपरी-चिंचवड महापालिकेतले गाव. एका बाजूला पवना, पलीकडे चिंचवडगाव. दुसऱ्या बाजूला डांगे चौकातून वाकड-हिंजवडीकडे जाणारा रस्ता. इथल्या घराचा टपालाचा पत्ता 'पुणे ४११०३३' असा असतो. दारातल्या गाडीवर मात्र एमएच १४ लिहिलेले असते, पुण्याचे एमएच १२ नव्हे. लातूर किंवा बुलढाण्याकडच्या गावी गेलेला थेरगावकर "कुठे असता?" या प्रश्नाला "पुण्याला" असे उत्तर देतो आणि परत आल्यावर शिवाजीनगरला निघताना "पुण्यात जाऊन येतो" म्हणतो. दोन्ही वेळा तो खरेच बोलत असतो. पिंपरी-चिंचवड हे पुण्याचे जोडशहर. पुणे हे राज्यातले मुंबईच्या खालचे शहर. मुंबई दिल्लीच्या खाली. शिवाय 'उपराजधानी' हे अधिकृत बिरुद पुण्याकडे नाही, नागपूरकडे आहे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख, पुण्याची ३१ लाख आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाख होती. ही उतरंड वरून खाली पाहिली तर प्रत्येक पायरी कोणाच्या तरी तुलनेत दुसरी आहे. निखळ पहिले असे काही सापडत नाही. दिल्लीही जगाच्या नकाशावर कोणाच्या तरी खालीच मोजली जाते.

उपनिषदांनी हा मुद्दा फार वरच्या पातळीवर हाताळला आहे. छांदोग्यात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मूळ तत्त्व समजावताना ते 'अद्वितीय' आहे असे सांगतो. आज हा शब्द सर्वोत्तम या अर्थाने सत्कार समारंभात वापरला जातो, पण त्याचा मूळ अर्थ साधा आहे: ज्याला दुसरे नाही ते. म्हणजे अद्वितीय वस्तू 'पहिली'ही नसते. पहिले म्हणायला दुसरे लागते. बृहदारण्यकात तर एकट्या आदिपुरुषाला आधी भय वाटते, आणि आपल्यावाचून दुसरे कोणी नाहीच हे ध्यानात आल्यावर ते भय जाते, असे वर्णन आहे. भय दुसऱ्यामुळे येते, हा त्याचा आशय. नगरांना तो लावून पाहिला तर गंमत अशी की, धाकधूक दुसऱ्या नगरापेक्षा पहिल्याच्या वाट्याला जास्त येते. राजधानीला आपले राजधानीपण राखावे लागते. दुसऱ्या नगराला दुसरेपण राखण्यासाठी काहीच करावे लागत नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात राजधान्या किती वेळा हलल्या हे पाहिले म्हणजे ही धाकधूक अनाठायी नाही हे पटते. सातवाहनांचे प्रतिष्ठान, यादवांचे देवगिरी, १६७४ च्या राज्याभिषेकाचा रायगड, राजाराम महाराजांच्या काळातली दूरची जिंजी, शाहू महाराजांचा सातारा. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी दौलताबादला आणली आणि काही वर्षांत परत नेली. पंढरपूर मात्र यादव, बहमनी, आदिलशाही किंवा मराठे यांपैकी कोणाचीच राजधानी नव्हते, आणि या सगळ्या उलथापालथीत वारीची दिशा बदलली नाही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा देवगिरीला यादव रामचंद्र राज्य करीत होता, ग्रंथाच्या शेवटी त्याचा उल्लेखही आहे. पण ग्रंथ घडला देवगिरीच्या दरबारात नव्हे, प्रवरेकाठच्या नेवाशाला. प्रतिष्ठानचे उदाहरण आणखी बोलके आहे. राजधानीपण गेल्यावर ते पैठण झाले, पुढे विद्वानांचे आणि एकनाथांचे गाव झाले, आणि त्याला दक्षिण काशी म्हणू लागले. म्हणजे सिंहासनाने पहिले असलेले नगर क्षेत्राच्या हिशेबात काशीनंतरचे ठरले, आणि ते नाव त्याने अभिमानाने मिरवले.

इथून एक भेद हाती लागतो. एखाद्या स्थानाचे महत्त्व तीन निरनिराळ्या गोष्टींवरून ठरू शकते: मान, कारभार आणि वास. मान म्हणजे आधी नाव कोणाचे घ्यायचे. कारभार म्हणजे निर्णय, पैसा आणि व्यवस्था कोणाच्या हाती. वास म्हणजे प्रत्यक्ष राहणे, देवाचे किंवा माणसाचे. हे तिन्ही एकाच जागी असले पाहिजेत असा नियम नाही, आणि मराठी मुलखात ते बराच काळ एके ठिकाणी नव्हतेही. अठराव्या शतकात छत्रपती साताऱ्याला होते आणि पेशवे पुण्याला. शनिवारवाडा १७३२ मध्ये राहायला तयार झाला; त्यानंतर हिंदुस्थानभरच्या मोहिमा पुण्यातून ठरत, पण पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहून यावी लागत. मान साताऱ्याचा, कारभार पुण्याचा. नाममात्र राजा आणि खरा कारभारी अशी या व्यवस्थेची टिंगल पुढच्या काळात पुष्कळ झाली, आणि सातारकर छत्रपतींच्या वाट्याला आलेली अवहेलना पाहता ती अगदीच अयोग्य म्हणता येत नाही. तरी दोन नगरांपैकी कोणते पहिले, याचे एका शब्दात उत्तर देता येत नव्हते, हे खरेच.

हीच रचना धर्माच्या क्षेत्रात, आणि तीही अधिक सौम्य रूपात, थेरगावच्या पलीकडच्या काठावर आहे. मोरया गोसावी हे गाणपत्य परंपरेतले थोर भक्त. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. परंपरेची कथा मात्र ठाम आहे. ते नेमाने मोरगावी मयूरेश्वराच्या दर्शनाला जात. मोरगाव हे अष्टविनायकांतले आद्य स्थान. यात्रा तिथून सुरू करून तिथेच संपवण्याचा प्रघात आहे. वय झाले, चालवेना, तेव्हा देवाने सांगितले की आता मीच तुझ्याकडे येतो. कऱ्हा नदीत स्नान करताना मोरयांच्या ओंजळीत मूर्ती आली, ती त्यांनी चिंचवडला आणली, आणि ती मंगलमूर्ती वाड्यात पूजिली जाऊ लागली. पवनेकाठी त्यांनी संजीवन समाधी घेतली असे मानतात. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की नदी थेट त्या समाधीमंदिरात शिरते.

कथेतला तत्त्वाचा भाग असा की, चिंचवड हे मोरगावला पर्याय म्हणून उभे राहिलेले नाही. देव आला तो भक्ताचे पाय थकले म्हणून, मोरगाव अपुरे पडले म्हणून नव्हे. त्यामुळे मोरगावचा मान तसाच राहिला. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी चिंचवडहून मोरगावला जाते आणि परत येते. आलेला देव वर्षातून दोनदा आपल्या मूळ ठिकाणी जाऊन येतो, अगदी सासरी नांदणारी लेक माहेरी जाऊन यावी तसा. दुसरीकडे कारभाराचा ओघ उलटा आहे. मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक या अष्टविनायकांतल्या तीन देवस्थानांची व्यवस्था चिंचवड देवस्थान ट्रस्टकडे आहे. म्हणजे मानाने पहिले मोरगाव, त्याची देखभाल दुसऱ्या चिंचवडकडे, आणि वास? भाविकाच्या मते देव दोन्हीकडे पूर्णच आहे, अर्धा इथे अर्धा तिथे असा नाही. देवत्व वाटून घेतल्याने कमी होत नाही, हे गाणपत्य, वैष्णव आणि शैव या सर्वांचे गृहीत आहे. नगरांमध्ये वाटली जाणारी गोष्ट, मग ते पाणी असो की निधी, वाटल्याने कमी होते. दोन्ही क्षेत्रांतला मूलभूत फरक इथेच आहे, आणि धर्माने दिलेली उत्तरे राज्यव्यवहाराला जशीच्या तशी का लागू पडत नाहीत याचे कारणही हेच.

चिंचवडच्या या दुसरेपणाला आणखी एक पदर होता. मोरयांच्या वंशातही गणेशाचा अंश पिढ्यानपिढ्या राहतो अशी श्रद्धा रूढ झाली. म्हणून घराण्याला 'देव' हे नाव पडले. पेशवे गणेशभक्त, त्यामुळे पुण्याच्या सत्तेने चिंचवडला उदार हस्ते आश्रय दिला. एडवर्ड मूरसारख्या इंग्रज अधिकाऱ्यालाही वंशपरंपरेने चालत आलेल्या या जिवंत देवाचे नवल वाटले आणि त्याने त्यावर लिहिले. सत्ता पुण्याला आणि देव चिंचवडला, अशी ती वाटणी होती. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे सनदांवरून ठरवावे तर एक उत्तर येते. नमस्कार कोण कोणाला करीत होता यावरून ठरवावे तर दुसरे.

मराठीत दुसऱ्या स्थानासाठी 'प्रति' हा उपसर्ग मोकळेपणाने वापरतात. मावळातल्या शिरगावला प्रतिशिर्डी आहे, साताऱ्याच्या वाटेवर केतकावळ्याला प्रतिबालाजी आहे. ही स्थाने चिंचवडसारखी कथेतून जन्मलेली नाहीत. सोय आणि भक्ती यांच्या बेरजेतून ती झाली. त्यांच्याकडे नक्कल म्हणून नाक मुरडणारे आहेत. पण 'प्रति' या शब्दात नक्कल आणि 'च्या दिशेने' हे दोन्ही अर्थ आहेत, आणि भाविक दुसरा अर्थ धरून चालतो. शिर्डीला जायला सुट्टी काढावी लागते. पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीतल्या बहुतेक कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार निरनिराळ्या दिवसांवर वाटण्याच्या हिशेबातून हा वार आला. साईबाबांचा आणि दत्ताचा वारही गुरुवारच. वीज मंडळाने नेमलेल्या दिवशी कामगाराला देव भेटतो, ही तडजोड कुठल्याही धर्मग्रंथात लिहिलेली नाही, पण इथल्या धर्मजीवनाचे वेळापत्रक तिच्यावर चालते.

आता जगण्याच्या तुलनेकडे वळता येते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, मोठे वाहन कारखाने आले. १९७० मध्ये नवनगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. मुंबईचा कापड गिरणीतला कामगार आणि पिंपरी-चिंचवडचा कारखान्यातला कामगार यांच्यात प्रवास, खोली, पाणी, शेजार यांचे फरक होते. ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. लोकलऐवजी कंपनीची बस, चाळीऐवजी गावठाणातली भाड्याची खोली आणि नंतर सोसायटीतले घर, हा त्याचा सारांश. धर्माच्या दृष्टीने महत्त्वाचे साम्य मात्र वेगळे आहे. मुंबईचा चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला कोकणात जातो, कारण त्याचा देव गावात असतो. थेरगावचा भाडेकरू तुळजापूर, माहूर, जेजुरी किंवा वणीला जातो, कारण त्याचे कुलदैवत तिथे आहे. दोघांचाही वास एकीकडे आणि देव दुसरीकडे. या मोजपट्टीवर राजधानी आणि जोडशहर यांच्यात काहीच फरक उरत नाही, दोन्ही परगावच.

ग्रामदैवताचा हिशेब पुन्हा निराळा. कुलदैवत माणसाच्या रक्ताबरोबर चालते, ग्रामदैवत जमिनीला धरून राहते. गावाच्या शिवेत जो राहील त्याचे ते दैवत, तो कुठून आला हे विचारले जात नाही. थेरगावला पवनेवर केजूदेवीचा बंधारा आहे. तिथे देवीचे स्थान आहे, बोट क्लब आहे, आणि आषाढातल्या पुराचे पाणी बघायला गर्दी होते. चाकणच्या किंवा हिंजवडीच्या पाळीवरून परतणाऱ्याला ही देवी कोणाच्या कुळाची ते ठाऊक नसते, तरी तो हात जोडतो. राजधानीलाही ग्रामदैवत असतेच. मुंबईचे नावच कोळ्यांच्या मुंबादेवीवरून आले. अठराव्या शतकात किल्ल्याच्या कामापायी त्या देवीला आपली मूळ जागा सोडून आजच्या काळबादेवी-भुलेश्वर भागात यावे लागले. राजधानी मोठी होताना तिने पहिल्यांदा हलवले ते स्वतःच्या नावाच्या देवीला. पुण्याच्या पाच मानाच्या गणपतींत पहिला कसबा आणि दुसरा तांबडी जोगेश्वरी, आणि जोगेश्वरी ही गावची देवी. दुसऱ्या मानाने तिचे काही बिघडले असे पुणेकर मानत नाही. मिरवणुकीत मात्र तिच्या आधी कोणी जाऊ लागला तर तो नक्की भांडेल.

धर्माच्या नव्या वाटांनीही मुंबई टाळल्याची दोन ठळक उदाहरणे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे राजगृह मुंबईत होते. तरी रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी केली ती देहूरोडला, संरक्षण खात्याच्या डेपोंभोवती वाढलेल्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. थेरगावपासून ही जागा लांब नाही. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली ती नागपूरला. नागपूर का, याचे उत्तर बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिले: नाग लोकांशी, म्हणजे प्राचीन बौद्धांशी, असलेला त्या भूमीचा संबंध. दीक्षेच्या दिवशी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचना झाली आणि ते राजधानीपण संपले. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन तिथे भरू लागले. डिसेंबरात काही काळ मुंबईतले मंत्रालय जणू मुक्कामाला नागपुरी येते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारा जनसागर कोणत्याही करारावर अवलंबून नाही. गेलेला मान परत मिळावा म्हणून केलेली राजकीय योजना आणि आपोआप जमलेला धार्मिक मान, दोन्ही एकाच नगरात शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

या विवेचनावर एक रास्त आक्षेप येतो. धर्मात उतरंड नाही असे म्हणता येईल का? वारीत दिंड्यांचा क्रम ठरलेला आहे, रथापुढच्या कोणत्या आणि मागच्या कोणत्या हे ठरलेले आहे. मानावरून भांडणे होतात. मान हा केवळ क्रम आहे, योग्यता नव्हे, असे सांगितले जाते. पण हा युक्तिवाद बहुधा पुढे असलेलाच करतो. पंढरपूरसारख्या केंद्रानेही माणसे दाराबाहेर ठेवली. चोखोबांची समाधी देवळाच्या बाहेर आहे, आणि दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. देव सर्वत्र पूर्ण आहे हे तत्त्व आणि देवळाचे दार काहींना बंद आहे ही वस्तुस्थिती शतकानुशतके एकत्र नांदली. तेव्हा धर्मक्षेत्राने दुसरेपणाचा प्रश्न सोडवला असे म्हणणे धाडसाचे होईल. त्याने एवढेच केले की केंद्र एक नसून अनेक असतात हे लोकांच्या पायांना शिकवले. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करते आणि मग पुण्यात पोहोचते. आळंदीची ज्ञानोबांची पालखीही पुण्यात येते. दोन्ही पालख्यांच्या लेखी पुणे हा मुक्काम आहे, गंतव्य नव्हे. मुंबई तर वाटेतही नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तो दुसऱ्या नगराच्या नीतीबद्दल आहे. राजधानीने आपल्याला डावलले अशी तक्रार करणारे नगर स्वतः कोणाची राजधानी बनते? ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी बऊरजवळ द्रुतगती मार्ग अडवला. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मरण पावले. त्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने पिंपरी-चिंचवड ही दुसरी नगरी नव्हती. वरचे पाणी ओढून घेणारी पहिलीच होती. त्याच्या नव्वद वर्षे आधी, १९२१ मध्ये, शेजारच्या मुळशी पेट्यात असाच लढा झाला होता. टाटांच्या धरणात शेतकऱ्यांच्या जमिनी जात होत्या, वीज मुंबईसाठी हवी होती, आणि सेनापती बापट त्या सत्याग्रहाचे नेते होते. धरण झालेच. मान, कारभार आणि वास हा भेद इथे पुन्हा उपयोगी पडतो: दोन्ही प्रसंगी वास एकाचा आणि कारभार दुसऱ्याचा होता. मोरगाव-चिंचवडच्या नात्यात पालखी जशी परत जाते, तसे इथे परत जाणारे काही नव्हते.

मुळशीचे पाणी आजही सह्याद्री ओलांडून खाली भिऱ्याच्या वीजघराकडे, कोकणात उतरते. पवनेचे पाणी पूर्वेला वाहते: केजूदेवीच्या बंधाऱ्यावरून, मोरया गोसावींच्या समाधीखालून दापोडीला मुळेत, पुण्यात मुठेला भेटून पुढे भीमेत, आणि पंढरपूरला तिची चंद्रभागा होते.